निम्मे आणि वर दहावा

गाडीत बसले की माझे काम सुरू होई. रस्त्याच्या कडेला लाल वर्तुळात पन्नासचा आकडा दिसला की मी म्हणायची, “तीस.” सत्तर दिसला की “बेचाळीस.” शंभर दिसला की “साठ.” शेजारी गाडी चालवणारी माझी सून “हं” म्हणे आणि वेगाचा काटा तिथे आणून ठेवी. परक्या माणसाने ऐकले असते तर त्याला वाटले असते, या म्हातारीला आकड्यांचा चळ लागला आहे. पण जर्मनीत आल्यापासून मला कोणी नेमून दिलेले ते एकुलते एक काम होते, आणि मी ते मन लावून करत होते.

मी कराडची. तिथल्या प्राथमिक शाळेत उभा जन्म चौथीच्या पोरांना गणित शिकवले. निवृत्त झाले, मग यजमान गेले, आणि मुलगा म्हणाला, “आई, आता तिथे एकटी राहून काय करणार आहेस?” त्याला काय सांगायचे! कराडला मी एकटी राहत होते, पण दारावरची बेल दिवसभर वाजायची. दूधवाला, इस्त्रीवाला, पोराला पाढे पाठ होत नाहीत म्हणून रडकुंडीला आलेली एखादी आई. इथे आम्ही चौघे एका घरात राहतो, आणि बेल वाजते ती फक्त पार्सलवाल्याची. तीही आमच्यासाठी नव्हे. शेजारी घरी नाहीत, त्यांचे खोके ठेवून घ्याल का, असे तो खुणेने विचारतो. मी ठेवून घेते. संध्याकाळी शेजारी येतात, ‘डांके’ म्हणतात आणि खोके घेऊन जातात. घराबाहेरचे कोणी माझ्याशी बोलले असेल तर ते एवढेच.

घर हायडेलबर्गपासून थोडे दूर, नेकार नदीच्या काठच्या एका गावात आहे. गाव चित्रासारखे आहे आणि चित्रासारखेच गप्प आहे. मुलगा सॉफ्टवेअरमध्ये, सोमवारी बॅग घेऊन दुसऱ्या शहरातल्या ग्राहकाकडे जातो तो गुरुवारी उशिरा उगवतो. सून लुडविग्सहाफेनला रसायनांच्या एका प्रयोगशाळेत कामाला आहे. ती घरातून अंधारातच निघते. नात चौदा वर्षांची. तिला मराठी सगळे कळते, पण बोलायचे म्हटले की जणू पैसे पडतात. मी विचारते, “बाळा, भूक लागली का?” ती म्हणते, “नाइन.” नाइन म्हणजे नाही, तेवढे जर्मन मलाही कळते.

तर गाडी. नात हँडबॉल खेळते आणि तिचा सराव शेजारच्या गावात असतो, मंगळवारी आणि गुरुवारी. संध्याकाळी तिकडून परत यायला बस नाही. सून इतकी वर्षे रेल्वेने हिंडली होती, पण लेकीसाठी तिने पंचेचाळिशीत गाडी शिकायचे मनावर घेतले. इथले लायसन्स म्हणजे थट्टा नव्हे. आपल्याकडे आठचा आकडा काढून दाखवला की झाले. इथे आधी लेखी परीक्षा, मग परीक्षक गाडीत बसून शहरातून आणि महामार्गावरून फिरवतो, आणि वळताना खांद्यावरून मागे बघायला विसरलात की घरी पाठवतो. ती दोनदा घरी आली. तिसऱ्यांदा पास झाली तेव्हा मी शिरा केला होता.

मग मुलाने गाडी घेतली. स्वस्तात घेतली, यातच सगळे आले. इथून तासाभरावर अमेरिकन सैनिकांची वसाहत आहे. तिथली कुटुंबे मायदेशी परतताना गाड्या विकून टाकतात, त्यातलीच ही एक. गाडी जर्मनच, पण अमेरिकेसाठी बनवलेली. वेगाच्या तबकडीवर बाहेरचे ठसठशीत आकडे मैलांचे, आणि आतल्या बाजूला मुंगीएवढे किलोमीटरचे. ते मुंगीएवढे का होईना, आहेत, म्हणून गाडी तपासणीत पास झाली. पण सुनेला चाळिशी लागलेली. लांबचे तिला लख्ख दिसते, जवळचे बारीक दिसत नाही. वाचायचा चष्मा लावला तर रस्ता धूसर होतो. दोन्हींचा मिळून एक चष्मा केला, तर तो लावून गरगरते. म्हणजे रस्त्यावरच्या पाट्या किलोमीटरच्या, तिला दिसणारा काटा मैलांचा, आणि मधे ती.

पहिल्या रविवारी आम्ही चौघे फेरी मारायला निघालो. ती चालवायला, मुलगा शेजारी, मी आणि नात मागे.

“आल्झो, सिंपल आहे,” मुलगा म्हणाला. आल्झो म्हणजे इथल्या लोकांचे ‘तर मग’. “पाटीवरचा आकडा वन पॉइंट सिक्सने डिव्हाइड कर.”

“मी गाडी चालवू की भागाकार करू?” सून म्हणाली. तिच्या मानेवर घाम आला होता.

मागून माझ्याने राहवेना. “भागाकार कशाला? निम्मे कर आणि वर दहावा भाग घाल. पन्नासचे निम्मे पंचवीस, दहावा भाग पाच. झाले तीस.”

मुलाने मनातल्या मनात पडताळून पाहिले. “आई, थोडं कमी येतं ते. पन्नासचे एकतीस होतात. शंभरचे बासष्ट.”

“कमी आलं म्हणून पोलीस धरत नाहीत,” मी म्हटले. “जास्त आलं की धरतात.”

सून हसली. माझ्या बोलण्यावर ती अशी खुदकन हसल्याचे मी पहिल्यांदाच पाहत होते. परतताना मुलगा मागे गेला आणि मी पुढे आले.

यात माझे मोठे पांडित्य नव्हते. माझ्या पिढीने पावकी, निमकी, दीडकी घोकून पाठ केलेली. पाव, अर्धे आणि दीडपट आम्हाला झोपेतही येते. शिवाय मैलांची आणि माझी जुनी ओळख. मी लहान असताना रस्त्याकडेचे दगड मैलांचे होते. मग ते रंगवून किलोमीटरचे केले आणि कराडहून साताऱ्याचे अंतर बत्तिसाचे एकदम बावन्न झाले. माझी आवडती आत्या साताऱ्याला दिलेली होती. ती खरोखरच लांब गेली असे मला कित्येक दिवस वाटत होते.

त्या वसंतात आणि उन्हाळ्यात मी सुखी होते म्हटले तरी चालेल. मंगळवारी आणि गुरुवारी सराव. शनिवारी मानहाइमला, कढीपत्ता आणि तूरडाळ मिळते त्या दुकानात. मी साडी बदलून, केस विंचरून वेळेआधीच दारात उभी. मोतीबिंदूचे ऑपरेशन झाल्यापासून मला लांबचे घारीसारखे दिसते. पाटी तिच्याआधी मला दिसे. काही पाट्यांवर आकडाच नसतो, हेही मी शिकले. गावाच्या नावाची पिवळी पाटी आली की पन्नास समजायचे, आणि त्याच नावावर तांबडी रेघ मारलेली दिसली की गाव संपले, आता शंभर. मी म्हणायची, “पिवळी. तीस.” नाहीतर, “सुटलो. साठ.” माझे आकडे जरा कमीच भरत, त्यामुळे आमच्या मागे नेहमी वरात असे. मागचे लोक दिवे दाखवत, क्वचित एखादा हातवारे करत पुढे निघून जाई. “जाऊ दे मेल्याला,” मी म्हणायची. “घरी दूध उतू चाललं असेल त्याच्या.” सून ओठ दाबून हसे.

एकदा तर मी तिला वाचवलेच. इथे वेग पकडणारे कॅमेरे झुडपाआड दडवून ठेवतात. सरळ रस्त्यावर मधेच शाळा होती, तिथे तीसची पाटी. सून लेकीशी काहीतरी बोलत होती, तिचे लक्ष नव्हते. मी ओरडले, “अठरा! अगं, अठरा!” तिने ब्रेक दाबला आणि आम्ही गोगलगाईच्या चालीने कॅमेऱ्यापुढून गेलो. घाईने आम्हाला ओलांडून पुढे गेलेल्या गाडीवर मात्र तांबडा लखलखाट झाला. “आई, तुम्ही होतात म्हणून,” सून म्हणाली. एवढेच म्हणाली, पण ते वाक्य मला पुढे बरेच दिवस पुरले. बेकरीतल्या बाईला ते जर्मनमध्ये सांगता आले असते तर तिलाही सांगितले असते.

आकड्यांखेरीज आम्ही फारसे बोलत नव्हतो. नातीचा सराव संपेपर्यंत दोघी पार्किंगमध्ये गाडीत बसून असू. सून सीट मागे करून डोळे मिटून पडे. मी समोरच्या सफरचंदाच्या झाडांकडे बघत बसे. पुष्कळदा मनात येई, हिला काहीतरी विचारावे. पण आमचे नाते पथ्याच्या आमटीसारखे; तिखट नाही, आंबट नाही, पोटाला बाधायचे नाही. इतकी वर्षे दोघींनी ते तसेच जपले होते. आकडा मात्र निर्धास्त बोलता येतो. आकड्याचा टोमणा होत नाही. ती विचारी, “आई, किती?” मी सांगे, आणि माझा दिवस सार्थकी लागे.

सप्टेंबर सरता सरता एक गोष्ट माझ्या ध्यानात आली. माझ्या बाजूनेही काटा आणि ते मोठे आकडे दिसतात. मी तोंड उघडायच्या आतच काटा खाली उतरू लागे. पिवळी पाटी असलेल्या वळणाआधीच तिने पाय उचललेला असे. मी “तीस” म्हणेपर्यंत तीस होऊनही गेलेले असत. आणि तरी ती विचारी, “आई, किती?”

उत्तर येत असून विचारणारे पोर मला शेवटच्या बाकावरूनही ओळखू येई; ही तर माझ्या शेजारी बसलेली. मी ठरवले, हिची परीक्षा घ्यायची.

शाळेत माझी एक युक्ती होती. फळ्यावर गणित सोडवताना मधेच मी मुद्दाम चूक करायची. सात गुणिले नऊ, छपन्न. आणि साळसूदपणे पुढे लिहीत राहायची. जागी असलेली पोरे ओरडत, “बाई, चुकलं!” ती आरोळी माझ्या कानांना किती गोड वाटे म्हणून सांगू! जी पोरे मुकाट उतरवून घेत, ती झोपलेली. नोकरीभर मी हे करत आले, आणि बाईंना नवाचा पाढा येत नाही असे कोणालाही कधी वाटले नाही.

तो गुरुवार होता. नात मागे कानांत इअरफोन खुपसून बसलेली. सत्तरची पाटी आली.

“आई, किती?”

“अठ्ठावन्न,” मी म्हटले.

मी कान टवकारून बसले. आता म्हणेल, आई, चुकलं! मग मी हसणार, तीही हसणार, आणि मी म्हणणार, येतंय की सगळं तुला, मग मला कशाला विचारतेस? पुढचे बोलणे मी मनात जुळवूनही ठेवले होते.

ती अगदी मऊ आवाजात म्हणाली, “हो आई.” काटा बेचाळीसवर होता तो बेचाळीसवरच राहिला.

पुढे पिवळी पाटी आली. मी म्हटले, “चाळीस.”

“हो आई.” काटा तीसवर.

म्हणजे माझ्या आकड्यांची हिला गरज नव्हतीच. रडू नये म्हणून पोराच्या हातात खुळखुळा द्यावा तसे मला हे काम दिले होते. मला राग आला, आणि रागापेक्षा जास्त लाज वाटली. साडी बदलून वेळेआधी दारात उभी राहणारी मी माझीच मला दिसले. पुढच्या मंगळवारी मी सांगून टाकले, “गुडघे दुखतात. मी येत नाही.” तिने आग्रह केला नाही. शनिवारी मुलाने एकदा विचारले, मग त्यानेही सोडून दिले.

मग हिवाळा आला. इथला हिवाळा ज्याने पाहिला नाही त्याला तो सांगून कळायचा नाही. दुपारी चारला दिवे लावायचे, आणि सकाळी आठलाही ते लावलेलेच. थंडी एक वेळ सोसते, पण ढग असे ठाण मांडतात की सूर्य आठवडा आठवडा फिरकत नाही. मी खिडकीत बसून राहायची. समोरच्या घरात जाळीच्या पडद्यामागे माझ्याच वयाची एक बाई बसलेली असे. एकदा मी तिला हात केला. तिने पडदा ओढून घेतला.

घरातही काहीतरी बदलले होते. आधी सून मला विचारायची, “आई, आमटीत चिंच घालू की आमसूल?” “आई, भाजणी किती दिवस टिकते?” आता विचारणे बंद झाले आणि सांगणे सुरू झाले. “आई, तुमची गोळी दिली आहे मी.” “आई, शेगडी मी बंद केली आहे.” “आई, किल्ली नका नेऊ, आम्ही आहोत घरी.” एके दिवशी मिठाच्या आणि साखरेच्या डब्यांवर मोठ्या मराठी अक्षरांत नावे चिकटली. मी म्हटले, “ही काय बालवाडी आहे?” तर म्हणाली, “मलाच सापडत नाही, आई.” मी कोपऱ्यावरच्या बेकरीत पाव आणायला निघाले की नात बूट चढवून माझ्या मागून येई, दोन पावले अंतर ठेवून. मुलगा फोनवर एकेक शब्द सुटा करून बोले, जसे मी पहिलीच्या पोरांशी बोलायची.

मला वाटले, आता मी यांना अडगळ झाले. सरळ सांगते, त्या दिवसांत मला इतके एकटे वाटे की पार्सलवाला येईल म्हणून मी बेलकडे कान लावून बसायची. त्याचे येणे चुकले तर मनाला लागे. कराडला परत जावे म्हटले तर तिथला फ्लॅट भाड्याने दिलेला. आणि मला जायचे आहे की राहायचे आहे, हे कोणी विचारलेही नव्हते.

फेब्रुवारीत एका दुपारी सून कामावरून लवकर आली. “आई, चला. चेकअपची टेर्मिन आहे,” म्हणाली. टेर्मिन म्हणजे आधी ठरवून घेतलेली वेळ. ती नसेल तर इथे देवसुद्धा दर्शन देणार नाही. मी मुकाट स्वेटर, कोट, टोपी चढवली. गाडीत दोघीच, म्हणून पुढे बसावे लागले. पिवळ्या पाट्या आल्या आणि गेल्या. तिने विचारले नाही, मी सांगितले नाही. ती छान चालवत होती. मागून कोणी दिवे दाखवत नव्हते.

दवाखान्याच्या भिंतीवर मेंदूचे मोठे रंगीत चित्र होते. जर्मन येत नसले तरी चित्र कळते.

“हे डोक्याचे डॉक्टर आहेत?” मी विचारले.

तिने माझा कोट काढून घेतला आणि खुंटीला टांगला.

“कधी घेतलीस ही वेळ?”

“ऑक्टोबरमध्ये,” ती म्हणाली. “इथे स्पेशालिस्टकडे महिनोन् महिने थांबावं लागतं. अहो आई, त्या दिवशी तुम्ही सत्तरचे अठ्ठावन्न सांगितलेत. नंतर पन्नासचे चाळीस. तुमचं गणित कधी चुकत नाही. माझ्या आईचं असंच सुरू झालं होतं. रमीचे पॉइंट मांडताना चुकायला लागली. मी इथून फोनवर दर वेळी तिला म्हणायचे, अगं आई, चुकलं. शेवटी शेवटी ती माझा फोन घेईनाशी झाली. म्हणून तुम्हाला नाही म्हटलं मी, चुकलं म्हणून.”

तिची आई शेवटी विसराळू झाली होती, एवढेच मी ऐकून होते. बाकीचे मला आज कळत होते.

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते असे. मी तिचा हात धरला. “अगं वेडे, मी मुद्दाम चुकीचं सांगितलं होतं! परीक्षा घेत होते तुझी. शाळेत घ्यायचे तशी.”

तिने माझ्याकडे पाहिले. डोळ्यांत माया होती, आणि विश्वास अजिबात नव्हता. “हो आई,” ती म्हणाली.

डॉक्टर तरुण होता, माझ्या शेवटच्या तुकड्यांतली पोरे आता असतील त्या वयाचा. तो जर्मनमध्ये विचारी, सून मला मराठीत सांगे, माझे उत्तर ती जर्मनमध्ये पोचवी. शंभरातून सात-सात वजा करत चला, म्हणाला. मी सुटले. त्र्याण्णव, शहाऐंशी, एकोणऐंशी. मधेच तो पुरे म्हणाला, तरी मी दोनपर्यंत जाऊनच थांबले. घड्याळ काढायला लावले, काढले. तीन शब्द लक्षात ठेवायला सांगितले, ठेवले. मग मीच सुनेला म्हटले, “त्याला म्हणावं, किलोमीटरचे मैल विचार.” तिने त्याला सगळी हकिगत सांगितली असावी, कारण तो हसला आणि म्हणाला, एकशे तीस.

“अठ्ठ्याहत्तर,” मी म्हटले.

त्याने मोबाइलवर पाहून मान हलवली. जवळजवळ एक्याऐंशी येतात, म्हणाला.

“हा घाईचा हिशेब. अगदी बरोबर हवा असेल तर शंभरामागे आणखी दोन वाढवायचे,” मी सांगितले. “मग साडेऐंशीच्या वर जातात. पण गाडीत थोडं कमीच सांगावं.” सुनेने ते सांगितल्यावर तो मोठ्याने हसला. मला फार बरे वाटले. कितीतरी दिवसांत मला कोणी एवढे प्रश्न विचारले नव्हते.

शेवटी त्याने अगदी सोपे प्रश्न काढले. साल कोणते? सांगितले. महिना? सांगितला. गाव कोणते? सांगितले.

“आज वार कोणता, आई?” सुनेने विचारले.

मी तोंड उघडले आणि आत काही नव्हते.

मी शोधले, खरोखर शोधले. मंगळवार आणि गुरुवार गाडीचे होते, शनिवार मानहाइमचा. त्यांच्या आधाराने बाकीचे वार उभे राहत. गाडी सुटली तसे ते सगळे एकमेकांत मिसळून गेले होते. दिवे लागत, दिवे मालवत, आणखी एक दिवस जाई. तो कोणता हे ओळखायला मला काही कारणच उरले नव्हते. मुलगा घरी नव्हता, पण तो चार दिवस नसतो. अंदाजाने ठोकून द्यावे असेही मनात आले. पण जन्मभर पोरांना सांगत आले होते, येत नसेल तर येत नाही म्हणावे.

“येत नाही,” मी म्हटले.

डॉक्टरने खाली बघून काहीतरी टिपले. सुनेचा हात माझ्या बाहीवर आला. तेव्हा मात्र माझा तोल गेला.

“त्याला नीट सांग,” मी म्हटले. “माझं डोकं शाबूत आहे. मला वार माहीत नाही, कारण मला कोणी काही विचारत नाही. सगळे मला नुसतं सांगतात. गोळी दिली, शेगडी बंद केली, किल्ली नको. ज्याला कोणी विचारत नाही तो माणूस कशासाठी लक्षात ठेवील? तू आकडे विचारत होतीस तोवर मला सगळे वार माहीत होते. हे असंच्या असं सांग त्याला.”

ती जर्मनमध्ये एक अगदी छोटे वाक्य बोलली. डॉक्टरने पेन खाली ठेवले, आणि माझ्याकडे न बघता तो तिच्याकडे बघू लागला.

उन्हाळ्यात पुन्हा या, एवढेच त्याने शेवटी सांगितले. पास की नापास, ते काही बोलला नाही.

आम्ही गाडीत येऊन बसलो. तिने किल्ली लावली, पण फिरवली नाही.

“मी एवढं लांबलचक बोलले,” मी म्हटले, “आणि तू एका वाक्यात उरकलंस. काय सांगितलंस त्याला?”

ती समोरच्या काचेतून बाहेर बघत होती. “मी सांगितलं, आमच्या घरात कुणीच कुणाला काही विचारत नाही.”

तिचा दिवस मी कधी मनात मांडून पाहिला नव्हता. अंधारात निघायचे, दिवसभर परक्या भाषेत बोलायचे, अंधारात परतायचे. नवरा चार दिवस परगावी. लेक “नाइन” म्हणते आणि खोलीचे दार लावून घेते. उत्तर येत असताना ती मला आकडे विचारत होती ते माझा मान राखायला, असे मी धरून चालले होते. तिलाच कोणाशी तरी बोलायचे असेल, आणि माझ्याशी बोलायला तिच्याकडे दुसरे काही नसेल, हे माझ्या डोक्यातही आले नव्हते.

तिला काहीतरी विचारावे असे वाटले. इतक्या वर्षांत आपण हिला काय काय विचारले ते आठवून पाहिले. कुकर झाला का, किती वाजता येणार, बाळ झोपली का. त्यात तिच्याबद्दल काही नव्हते.

“आज दुपारी काय जेवलीस तू?” मी विचारले.

ती दचकून माझ्याकडे वळली. सांगायला म्हणून तिने तोंड उघडले आणि ते तसेच राहिले. कपाळाला आठ्या घालून तिने स्टिअरिंगकडे पाहिले, मग खिडकीबाहेर. तिला आठवत नव्हते.